हरताळाखालचें अक्षर

जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांना हरताळाची ओळख करून द्यावयास नको. लेखकाच्या हातून एखादें अक्षर चुकलें म्हणजे तो त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई, आणि लेप वाळला कीं त्यावरच शुद्ध अक्षर लिही. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार यांतूनच आला. परंतु अशी पोथी ज्यानें उजेडासमोर धरून पाहिली असेल त्याला हेंहि ठाऊक असतें कीं, लेपाखालीं मूळचें अक्षर पुष्कळदां जसेंच्या तसें बसलेलें असतें. लेपानें तें झांकलें जातें, एवढेंच.

आज पोथीची आठवण होण्याचें कारण मात्र अगदीं अलीकडचें आहे. या सदराकडे वऱ्हाडांतून एकाच आठवड्यांत दोन पत्रें आलीं. एक अकोल्याहून, दुसरें अमरावतीहून. दोन गांवांमधील अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें. पण दोन पत्रांतील प्रश्नांमधील अंतर याहून पुष्कळच अधिक आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांचा आशय येथें देतों.

अकोल्याचे पत्रलेखक एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. घरांत संगणक एकच; त्यावर ते स्वतः, त्यांची पत्नी, आणि सुट्टींत येणारीं नातवंडें अशीं सर्वच बसतात. डॉक्टरांनीं त्यांना नुकतेंच एका गंभीर दुखण्याचें निदान सांगितलें आहे. धाकट्या कन्येचें लग्न तोंडावर आलें असल्यामुळें तूर्त घरांत कोणासहि सांगावयाचें नाहीं, असें त्यांनीं मनाशीं योजिलें आहे. परंतु रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर त्यांनीं त्या दुखण्याविषयीं संगणकावर पुष्कळ वाचलें, तपासणीचा अहवालहि त्यावरच उघडून पाहिला. नंतर ब्राउझरची 'हिस्टरी' पुसली. पण मनाचें समाधान होईना. म्हणून एका जुन्या पुस्तकांतील सूचनेवरून ते विंडोजच्या अंतर्भागांत शिरले. तेथें नोंदी ठेवणारी एक फाइल सांपडली. पण ती पुसूं गेलें कीं संगणक उत्तर देतो, 'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें उघडी आहे, म्हणून हें काम होऊं शकत नाहीं.' "माझ्या घरच्या यंत्रांतील माझीच नोंद मला पुसतां येऊं नये, हा काय प्रकार?" असें ते विचारतात.

अमरावतीच्या भगिनींचा प्रश्न याच्या अगदीं उलट आहे. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा अकरावीस आहे. घरच्या संगणकावर तो काय पाहतो हें कळावें म्हणून त्या अधूनमधून हिस्टरी उघडून पाहात असत. गेल्या दोन महिन्यांपासून ती रोज रिकामी दिसते. "लपविण्यासारखें कांहीं नसेल तर मुलगा पुसील कशाला? पुसलेलें पुन्हां वाचतां येतें, असें ऐकतें. तें कसें वाचावें, हें कृपा करून कळवावें," असें त्या लिहितात.

दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतों.

यंत्र मुळांत नोंद ठेवतें कशासाठीं, हें आधीं पाहूं. अकोला आणि अमरावती हीं कापसाच्या व्यापारावर वाढलेलीं गांवें. तेव्हां अडतीच्या दुकानाचाच दाखला घेऊं. दुकानांत माल आला कीं तो गुदामांत जातो, आणि कोणता माल केव्हां आला व कोठें ठेविला, याची नोंद दिवाणजी वहींत करतात. वही नसेल तर गुदाम भरलेलें असूनहि हवा तो माल सांपडावयाचा नाहीं. ब्राउझरचें कामहि याच धर्तीचें. इंटरनेटवरील एखादें पान आपण उघडलें म्हणजे त्यांतील चित्रें व मजकूर तो डिस्कवर सांठवून ठेवतो, म्हणजे तेंच पान पुन्हां पाहतांना सारें नव्यानें आणावें लागत नाहीं. हें झालें गुदाम. त्या गुदामाची वही म्हणजे 'इंडेक्स.डॅट' नांवाची फाइल. मालकावर पाळत ठेवण्यासाठीं ती निघाली नव्हती. कामाच्या सोयीसाठीं निघाली. मात्र सोयीसाठीं ठेविलेली वहीहि दुसऱ्याच्या हातीं पडली म्हणजे पाळतीच्या उपयोगीं पडते, हा अनुभव कांहीं संगणकापुरताच नाहीं.

आपल्या देशांत इंटरनेट सर्वसाधारण लोकांसाठीं खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें. त्याच महिन्यांत अमेरिकेंत मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज ९५' बाजारांत आणलें, आणि तिचा 'इंटरनेट एक्सप्लोरर' हा ब्राउझरहि त्याच सुमारास निघाला. पुढें २००० सालाच्या आगेमागे अमरावती-अकोल्यांतहि सायबर कॅफे निघाले. परीक्षेचे निकाल, नोकरीचे अर्ज, परदेशीं गेलेल्या मुलांचीं पत्रें यांसाठीं लोक तासाचें भाडें देऊन तेथें बसूं लागले. त्या काळच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोरर हीच जोडी असे, आणि तिच्यांत इंडेक्स.डॅटच्या वह्या निरनिराळ्या ठिकाणीं असत : सांठविलेल्या पानांची एक, कुकीजची एक, आणि भेट दिलेल्या पत्त्यांची एक. या शेवटच्या वहींत पत्ता व भेटीची वेळ लिहिलेली असे. इतकेंच नव्हे, तर स्वतःच्या डिस्कवरील एखादें पत्र किंवा चित्र उघडलें तरी पुष्कळदां त्याचेंहि नांव तींत येई.

लोकांना राग आला तो दोन गोष्टींचा. पहिली ही कीं, वही ज्या फोल्डरांत असे तो उघडला तरी ती सहसा दिसत नसे. विंडोज तेथें तारीखवार लावलेली एक सोयीस्कर यादी दाखवी आणि खरी फाइल पडद्याआड राही. दुसरी अशी कीं, 'हिस्टरी पुसा' असा हुकूम दिल्यावर यादी रिकामी होई, पण फाइलींतील त्या त्या ओळीवर केवळ 'ही जागा मोकळी' एवढी खूण पडे. अक्षरें तेथेंच राहात. त्या जागेवर नवी नोंद येईपर्यंत, फाइल उघडून वाचूं जाणणाऱ्याला तीं वाचतां येत. हरताळाचा लेप म्हणतात तो हाच. त्या वेळीं कित्येकांना वाटलें कीं ही फाइल म्हणजे मायक्रोसॉफ्टचा गुप्तहेर आहे. वस्तुतः वही त्याच यंत्रांत पडून असे. भय होतें तें त्याच खुर्चीवर आपल्यामागून बसणाऱ्याच्या डोळ्यांचें.

आतां कुलुपाकडे वळूं. दिवाणजी कीर्द मांडीवर घेऊन, लेखणी हातांत धरून लिहीत बसले आहेत, अशा वेळीं मालकानें येऊन तेंच पान फाडूं म्हटलें तर काय होईल? अर्धी ओळ इकडे, अर्धी तिकडे, आणि दिवसाचा मेळ कांहीं बसावयाचा नाहीं. म्हणून विंडोजनें असा नियम केला आहे कीं, एखाद्या प्रोग्रॅमनें फाइल उघडून 'माझें काम होईपर्यंत ही कोणी पुसूं नये' असें सांगितलें, तर मालकासहि ती पुसतां येऊं नये. लिनक्समध्यें रीत निराळी आहे; तेथें उघड्या फाइलचेंहि नांव काढून टाकतां येतें, पण जो प्रोग्रॅम ती धरून बसला असेल तो सोडीपर्यंत आंतील मजकूर जागेवरच राहतो. दोन्हींकडे हेतु एकच : लिहिणाऱ्याच्या हातांतील कागद ओढूं नये.

मग साधा उपाय सुचतो कीं ब्राउझर बंद करावा. परंतु येथेंच लोक फसत. इंडेक्स.डॅट केवळ ब्राउझरच धरून बसत नसे. विंडोजचा पडदा, खालची पट्टी, फोल्डरांच्या खिडक्या हें सर्व ज्या प्रोग्रॅमनें चालतें तोहि ती धरून असे, आणि आपण यंत्रांत प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याची सुट्टी नसे. दिवाणजी दुकानांतच राहात. दुकान उघडें आहे तोंवर वही कांहीं खालीं यावयाची नाहीं. म्हणून खरे उपाय तीनच होते. पहिला, आपण यंत्रांतून पूर्ण बाहेर पडून दुसऱ्या खात्यानें आंत यावें व तेथून पहिल्या खात्याची वही काढावी. दुसरा, विंडोज सुरू होण्यापूर्वींच, म्हणजे जुन्या डॉसमधून, ती पुसावी. तिसरा, 'पुढच्या वेळीं यंत्र सुरू होतांना, कोणी उघडण्याच्या आधीं, ही फाइल काढून टाक' अशी चिठ्ठी विंडोजपाशीं ठेवावी. कोणताहि मार्ग घेतला तरी पुन्हां प्रवेश करतांच यंत्र नवी कोरी वही घालून बसे.

हा इतिहास झाला. २०१२ सालीं इंटरनेट एक्सप्लोररची दहावी आवृत्ति आली तेव्हां इंडेक्स.डॅट जाऊन तिच्या जागीं 'वेबकॅशव्ही०१.डॅट' नांवाची एकच मोठी फाइल आली. १५ जून २०२२ रोजीं खुद्द इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. तरी ही नवी वही विंडोजच्या १० व ११ या आवृत्त्यांतहि आहे, आणि तीहि विंडोजचाच एक पडद्यामागील प्रोग्रॅम सदैव उघडी धरून बसतो. अकोल्याच्या आमच्या वाचकांना अडली ती हीच.

परंतु त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आज बहुतेक लोक क्रोम, एज किंवा फायरफॉक्स वापरतात, आणि यांपैकीं प्रत्येकाची वही स्वतंत्र आहे. क्रोम व एज यांची वही 'हिस्टरी' नांवाच्याच फाइलींत असते. ब्राउझर पूर्ण बंद झाला कीं तिचें कुलूप सुटतें. क्रोम तर नव्वद दिवसांपलीकडच्या नोंदी त्या यंत्रावरून स्वतःच काढून टाकतो. म्हणजे दुखण्याविषयीं जें त्यांनीं वाचलें त्याची नोंद ते ज्या फाइलीशीं झगडत आहेत तींत बहुधा नाहींच. तींत असण्याचा संभव आहे तो त्यांनीं उघडलेल्या अहवालाच्या नांवाचा. आणि तो अहवाल इंटरनेटवरून उतरवून घेतला असेल तर त्याची मूळ प्रत 'डाउनलोड्स' या फोल्डरांत, सर्वांच्या डोळ्यांसमोर, तशीच पडलेली असेल! लोक गुप्त वहीच्या मागें लागतात आणि टेबलावरचा कागद विसरतात, तशांतलाच हा प्रकार.

तेव्हां त्यांनीं क्रम असा ठेवावा. अहवाल पेनड्राइव्हवर घेऊन मूळ प्रत पुसावी व 'रिसायकल बिन' रिकामें करावें. ब्राउझरमध्यें कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबून, मुदत 'सर्व काळ' अशी निवडून हिस्टरी पुसावी. नंतर कंट्रोल पॅनेलमधील 'इंटरनेट ऑप्शन्स'मधून तेथील हिस्टरी, आणि फाइल एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स'मधून अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी साफ करावी. एवढ्यानें सामान्य मनुष्याचें काम भागतें. तरीहि ती कुलूपबंद फाइल हवीच असेल तर यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें, प्रशासकाचा अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यानें प्रवेश करावा, आणि आपल्या खात्याच्या 'वेबकॅश' फोल्डरांतील फाइली काढाव्या. यंत्र नव्या निर्माण करील. मात्र कुलूप दिसेल ती फाइल फोडावयाची, असा नाद लावून घेऊं नये. विंडोजमधील कित्येक कुलूपबंद फाइलींवर सारें यंत्र उभें असतें. त्यांना हात लावला तर उद्यां संगणक सुरूच व्हावयाचा नाहीं.

'एका कळींत सर्व साफ' असें आश्वासन देणाऱ्या फुकटच्या प्रोग्रॅमांविषयींहि एक शब्द. 'सीक्लीनर' हा अशा प्रोग्रॅमांतील अतिशय नांवाजलेला, इंडेक्स.डॅट काढण्यासाठीं लोक तो सर्रास वापरीत. २०१७ सालीं चोरट्यांनीं त्याच्या अधिकृत प्रतींतच घातक भाग घुसविला, आणि तो सुमारें तेवीस लाख यंत्रांवर जाऊन बसला. केरसुणीच घाण घेऊन घरांत आली! नांवाजलेल्या प्रोग्रॅमची ही गत, तर अनोळखी ठिकाणाहून उतरविलेल्याची काय कथा? विंडोजमध्यें व ब्राउझरमध्यें जी सोय आहे तेवढ्यावर संतोष मानावा, हें बरें.

आतां पुसलेलें खरोखर जातें काय, हा प्रश्न. त्याचें उत्तर डिस्कच्या जातीवर आहे. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली म्हणजे तिची जागा मोकळी झाली एवढेंच यंत्र लिहून ठेवतें. त्या जागीं दुसरें कांहीं येईपर्यंत मूळ मजकूर राहतो, आणि योग्य साधनें असलेल्या जाणकाराला तो पुष्कळदां परत काढतां येतो. अलीकडच्या 'एसएसडी' डिस्कमध्यें मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच आंतून साफ करीत असते, म्हणून तेथें पुसलेलें परत मिळणें बहुधा दुरापास्त.

पण आपल्या यंत्रावरील वही ही अनेक वह्यांपैकीं एक आहे, हें विसरून चालावयाचें नाहीं. गूगलच्या खात्यानें प्रवेश करून आपण शोध घेतला असेल तर त्याची नोंद त्या खात्यांतहि असूं शकते, आणि तेंच खातें पत्नीच्या टॅबलेटवर चालू असेल तर तेथेंहि ती दिसेल. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीलाहि परवान्याच्या अटींप्रमाणें जोडणीच्या नोंदी ठराविक मुदतीपर्यंत ठेवाव्या लागतात. त्यांत पानावरचा मजकूर नसतो, पण कोणत्या ठिकाणाशीं केव्हां जोडणी झाली याचा माग असतो. 'इन्कॉग्निटो' खिडकींतून पाहिलें म्हणजे कोणालाच कळत नाहीं, ही समजूतहि अपुरी आहे. त्या खिडकीची नोंद आपल्या यंत्रावर राहात नाहीं, इतकाच तिचा अर्थ. या प्रकरणीं अमेरिकेंत गूगलवर २०२० सालीं दावा झाला, आणि २०२४ सालच्या तडजोडींत, अशा खिडक्यांतून जमा झालेल्या अब्जावधि नोंदी नष्ट करण्याचें गूगलनें कबूल केलें. म्हणजे त्या खिडकीमागेंहि कोणी तरी लिहीत होतेंच.

येथवर झालें यंत्राचें. 'माझीच नोंद मला कां पुसतां येऊं नये' या प्रश्नांत याहून मोठा मुद्दा आहे, तो नोंद कोणाची हा. घरच्या यंत्रावरील आपल्या वाचनाची नोंद आपली आहे. ती पुसण्यांत कसलाहि दोष नाहीं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या खटल्यांत, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला आहे. पण कचेरीच्या संगणकावरील नोंद कचेरीची. ती मालकाच्या परवानगीवांचून पुसूं नये. सायबर कॅफेच्या मालकावर तर २०११ सालच्या नियमांनीं उलटच जबाबदारी टाकली : गिऱ्हाइकांनीं कोणकोणत्या साइट पाहिल्या याच्या नोंदी निदान एक वर्ष जपून ठेवाव्या. त्याच नियमांत खोपट्यांच्या आडभिंती जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसाव्या, असेंहि सांगितलें आहे. आणि जी नोंद पुरावा म्हणून न्यायालयासमोर कायद्यानें हजर करावी लागेल, ती हजर होऊं नये म्हणून नष्ट करणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ प्रमाणें गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पुसण्याची क्रिया तीच, कळा त्याच. पण वही कोणाची आणि पुसण्याचा हेतु काय, यावर ती निर्दोष कीं सदोष हें ठरतें.

आतां अमरावतीच्या भगिनींकडे वळूं. पुसलेलें परत वाचतां येतें काय? जुन्या डिस्कवर कधीं कधीं येतें. पण तें कसें वाचावें हें या सदरांत आम्ही सांगणार नाहीं, आणि त्याचें कारण त्यांना मोकळ्या मनानें सांगतों. रिकाम्या हिस्टरीवरून त्यांनीं मुलाच्या हातून कांहीं तरी वाईट घडत असल्याचें अनुमान काढलें आहे. अकोल्याच्या गृहस्थांची पत्नी उद्यां संगणकावर बसली तर तिलाहि हिस्टरी रिकामी दिसेल. तिनेंहि तेंच अनुमान काढावें काय? तेथें तर पतीनें केवळ मायेपोटीं आणि भीतीपोटीं पुसलेलें आहे. कोरें पान एवढेंच सांगतें कीं येथें कांहीं तरी होतें; काय होतें आणि कां पुसलें, हें तें सांगत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या बदलत्या शरीराविषयीं, मनांतील एखाद्या निराशेविषयीं, घरांत बोलण्याची सोय नसलेल्या कितीतरी गोष्टींविषयीं वाचावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. आई हिस्टरी पाहते हें कळल्यावर तो पुसूं लागला असेल, तर त्यांत आश्चर्य तें काय? आपल्या पाठीमागें आपलीं पत्रें कोणी वाचतें असें समजल्यावर आपण काय केलें असतें, हें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.

याचा अर्थ आईबापांनीं डोळे मिटून बसावें असा नव्हे. पैशाची फसवणूक, अश्लील चित्रांवरून धमक्या, जुगारी खेळ हीं संकटें खरीं आहेत आणि तीं वऱ्हाडांतल्या घरांतहि येऊन पोंचलीं आहेत. मुलाची झोंप उडाली असेल, पैसे नाहींसे होत असतील, फोन वाजतांच तो दचकत असेल, तर फाइली शोधीत न बसतां त्याच दिवशीं त्याला जवळ बसवून विचारावें. आणि कोणी फसविलें असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें. धमकीचे संदेश मात्र कांहीं झालें तरी पुसूं नयेत. तेथें तीच नोंद मुलाच्या बाजूचा पुरावा असते.

देखरेख ठेवावयाचीच असेल तर ती उघड असावी. विंडोजमध्यें व फोनमध्यें आईबापांना मुलांच्या खात्यावर मर्यादा घालण्याची सोय आहे. ती मुलाला सांगून, त्याच्यासमोर, काय दिसेल व काय दिसणार नाहीं हें ठरवून लावावी, आणि अठरावें वर्ष लागेपर्यंत ती वर्षावर्षानें सैल करीत जावी. २०२३ सालीं आपल्याकडे व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास कंपन्यांना मनाई केलेली आहे. परंतु तोच कायदा असेंहि सांगतो कीं, एखादी व्यक्ति स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठीं माहिती वापरील तर तिला तो लागू नाहीं. कायदा घराच्या उंबरठ्याशीं थांबतो. त्यापुढचे नियम घरच्या मंडळींनींच करावयाचे असतात, आणि बहुतेक घरांत ते कोणी केलेलेच नसतात.

म्हणून आमची सूचना दोन्ही घरांना एकच आहे. संगणक एक असला तरी त्यावर प्रत्येकाचें स्वतंत्र खातें करावें व प्रत्येकाचा पासवर्ड निराळा ठेवावा. घरांतील वडील मंडळींनीं आधीं स्वतःपासून आरंभ करावा. यास खर्च नाहीं आणि दहा मिनिटांहून अधिक वेळहि लागत नाहीं. वाटणी झाली म्हणजे एकाची वही दुसऱ्याच्या सहज हातीं पडत नाहीं, आणि मग कुलूप फोडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. एका घरांत प्रत्येकाचें कपाट निराळें असतें, त्यांत कोणी अविश्वास मानीत नाहीं. संगणकापुरताच तो कां मानावा?

अकोल्याच्या आमच्या वाचकांनीं पुसावयाचें तें अवश्य पुसावें; कृति वर दिलीच आहे. परंतु उपचारांना आरंभ झाला म्हणजे दवाखान्याच्या खेपा, औषधांच्या पुड्या, चेहऱ्यावरचा थकवा, यांची नोंद घरांतील माणसें डोळ्यांनींच घेत असतात, आणि ती पुसण्याची कळ कोणत्याहि यंत्रांत नाहीं. लग्नाची गडबड आटोपेपर्यंत मुलांना न सांगणें आम्ही समजूं शकतों. पत्नीला मात्र त्यांनीं याच आठवड्यांत सांगावें. आयुष्यभर घराचे ताळेबंद जिनें बरोबरीनें मांडले, तिच्यापासून हीच एक रक्कम दडवून ठेवण्यांत तिचें हित नाहीं, त्यांचेंहि नाहीं. डॉक्टरांकडे एकट्यानें जाण्यापेक्षां दोघांनीं जाणें केव्हांहि बरें.